तुमचा विषय कोणता?

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी एका व्याख्यानमालेला गेलो होतो. विषय वीरगळांचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडांचा. वक्ते विद्यापीठातले, अभ्यास पक्का, स्लाइड देखण्या. वीरगळ कसा वाचायचा ते त्यांनी छान उलगडून सांगितलं: खालच्या चौकटीत मरून पडलेला वीर, त्यावर लढाई, बाजूला गाई कोरल्या असतील तर ती झुंज गोधनासाठीची, वरच्या चौकटीत त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा आणि सगळ्यांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. म्हणाले, "आमच्याकडचे बरेच वीरगळ आता देवळापाशी आणून टेकवलेत. पण म्हातारी माणसं मूळ जागा सांगतात. त्या जागा मी गावनकाशांवर टाकून बघितल्या. बऱ्याचशा दोन गावांच्या शिवेवर येतात. मग या लढाया गाईंच्या होत्या की शिवेच्या?" वक्ते हसले. "आपला विषय कोणता?" "मोजणी." हॉलमध्ये हशा पिकला. "मग हे इतिहासाच्या अभ्यासकांवर सोडूया," असं म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

पुढचे दोन दिवस व्याख्यानमालेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धुमश्चक्री चालली. एक पक्ष म्हणे, तज्ज्ञांचा मान राखा, नाहीतर उद्या कुणीही उठून काहीही विचारेल. दुसरा म्हणे, हे तज्ज्ञ म्हणजे नुसते पुस्तकी किडे, खरा इतिहास मातीतल्या माणसालाच ठाऊक. शंभरेक निरोप पडले असतील. मी सगळे वाचले (निवृत्तीनंतर वेळ असतो) आणि त्यांतल्या एकातही शीव हा शब्द सापडला नाही. मोजणीदारांचं म्हणणं बरोबर की चूक, तो नकाशा कुणी मागून पाहिला का, याची चौकशी त्यांच्या कैवाऱ्यांनीही केली नाही.

माझी बाजू आधीच सांगतो. दुसऱ्याच्या वावरात शिरायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मोठा विचार करायचा तर शिरावंच लागतं. शिरणारा चुकेल हे धरून चालावं. त्याच्याकडे पदवीचा दाखला मागू नये. एवढंच विचारावं, की बाबा रे, तुझं चुकत असेल तर ते कुठे सापडेल ते दाखव. ज्याला हे दाखवता येत नाही त्याला खुशाल बाहेर काढावं, मग तो मोजणीदार असो नाहीतर त्याच विषयाचा विभागप्रमुख.

तज्ज्ञांच्या पक्षाचा मुद्दा ग्रुपवर मांडला गेला त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे, तेव्हा तो मीच नीट मांडतो. लायनस पॉलिंग घ्या. विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत मोठा रसायनशास्त्रज्ञ. १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल, पुढे १९६२ चं शांततेचं. या माणसाने १९७० मध्ये जाहीर केलं, की क जीवनसत्त्व ग्रॅमच्या मापात रोज घेतलं तर सर्दी लांब राहते. नंतर मजल कर्करोगापर्यंत गेली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने रीतसर चाचण्या घेतल्या, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळा कर्करोगाच्या रुग्णांना काहीही फायदा दिसला नाही. पॉलिंग यांनी चाचण्यांतच खोट काढली. १९९४ मध्ये वारले तोवर त्यांचं मत तेच होतं. एवढा मोठा मेंदू आपलं आवार सोडून शेजारच्या आवारात गेला आणि घसरला, तर तुमची आमची काय कथा? घराजवळचं उदाहरण हवं तर जानेवारी २०१५ ची मुंबईतली सायन्स काँग्रेस आठवा. प्राचीन भारतात विमानं होती, असा निबंध तिथे वाचला गेला. आणि शेवटी परिणामांचा प्रश्न आहेच. वीरगळाचा अर्थ चुकला तर कुणी मरत नाही, औषधाचा डोस चुकला तर मरतं. पित्ताशयाचं ऑपरेशन मी मोजणीदाराकडून करून घेणार नाही, इतिहासाच्या प्राध्यापकाकडूनही नाही.

हे सगळं मान्य आहे. पण याच्यातून 'ज्याने त्याने आपल्या कुंपणात राहावं' हा निष्कर्ष निघतो का?

दामोदर धर्मानंद कोसंबींकडे पाहा. गोव्यात जन्म, हार्वर्डला शिक्षण, पेशाने गणिती. पुण्यात राहायचे आणि मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचे ते डेक्कन क्वीनने. त्यांना संख्याशास्त्राची पद्धत खऱ्याखुऱ्या वस्तूंवर चालवून बघायची होती, आणि हाती आली ती नाणी. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकटं नाणं किती झिजेल हे सांगता येत नाही, कारण एखादं गाडग्यात पुरलेलं असतं आणि एखादं रोज बाजाराला जातं. पण एकाच टाकसाळीची ढीगभर नाणी घेतली तर काळ जाईल तशी त्यांची सरासरी घटते आणि नाण्यानाण्यांतला वजनाचा फरक वाढत जातो. कोसंबींनी आधी आपल्याच काळातली चालू नाणी हजारोंनी तोलली. नियम लागू पडतो याची खात्री करून घेतली. मग तक्षशिलेच्या साठ्यांतली आहत (म्हणजे ठसे ठोकलेली प्राचीन) नाणी तागडीत टाकली आणि कोणत्या ठशांची नाणी आधीची, कोणती नंतरची, याचा क्रम लावायला घेतला. ठसे वाचणारे विद्वान तेव्हाही होते. तागडी घेऊन बसायचं सुचलं ते गणितवाल्याला.

तिथून ते इतिहासात शिरले ते शिरलेच. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायाखाली घातल्या, गारगोट्यांची सूक्ष्म हत्यारं वेचली, कार्ले-भाजे-जुन्नरच्या लेण्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटांवर कोणत्या आईचं ठाणं कुठे आहे याची गावोगाव विचारपूस केली. १९५६ मध्ये भारताच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि राजांच्या याद्या पाठ करण्याचा धंदा त्यानंतर पहिल्यासारखा राहिला नाही. मधेच १९४४ मध्ये जनुकांच्या नकाशातलं अंतर काढायचं एक सूत्र त्यांनी दिलं. पिकांचे जनुक-नकाशे काढणारे विद्यार्थी आजही 'कोसंबी फंक्शन' वापरतात. हे कोसंबी म्हणजे मौर्यांच्या नाण्यांवाले कोसंबी, हे त्यांतल्या कितींना माहीत असेल कोण जाणे.

इतिहासात ते चुकले नाहीत का? चुकले की. वृत्राने कोंडलेलं पाणी इंद्राने मोकळं केलं, या कथेत त्यांना आर्यांनी सिंधूकाठचे बांध फोडल्याची आठवण दिसली. पुरातत्त्वाने त्याला दुजोरा दिलेला नाही. पण त्यांची सगळ्यांत लाजिरवाणी चूक कोणती? ती गणितातली. रीमानचं गृहीतक हे १८५९ पासून न सुटलेलं कोडं आपण सोडवलं, असं त्यांनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मांडलं. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांत नाव खराब झालं. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही, अर्थात त्याला इतरही कारणं होती.

म्हणजे परक्या वावरात जाऊन माणसाने पीक काढलं आणि आपल्या घरच्या अंगणात पाय घसरून पडला. कुंपणाने काय वाचवलं असतं? कोसंबींना त्यांच्या विषयात कोंडून घातलं असतं, तर रीमानची चूक झालीच असती. नाणी तेवढी तोलायची राहिली असती.

आणि त्या चुकीतली खरी मेख वेगळीच आहे. तो निबंध त्यांनी छापला कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात. संख्या-सिद्धांतातला मुरलेला परीक्षक तिथे भेटण्याची शक्यता किती? नाण्यांच्या बाबतीत त्यांनी वजनं पुढे ठेवली होती. तुमची तागडी आणा आणि पाहा. रीमानच्या बाबतीत, हेतू काही का असेना, ते आपलं काम चूक पकडणाऱ्या डोळ्यांपासून लांब घेऊन गेले. तोच माणूस, तीच बुद्धी.

आता पुन्हा पॉलिंग. १९५३ च्या सुरुवातीला त्यांनी डीएनएची रचना छापली. तीन पेडांची. खुद्द रसायनशास्त्राच्या राजाने रसायनशास्त्रातली प्राथमिक चूक केली होती. फॉस्फेट आत कोंबले होते आणि त्यांचा विद्युतभार विसरले होते. काही आठवड्यांतच केंब्रिजच्या दोन तरुणांनी दोन पेडांचं मॉडेल उभं केलं. पॉलिंग एप्रिलमध्ये तिथे गेले, मॉडेल पाहिलं, पुरावा पाहिला आणि तुमचं बरोबर आहे म्हणाले. विषय संपला. या चुकीमुळे त्यांची कुणी टर उडवत नाही. टर उडते ती क जीवनसत्त्वाची, कारण तिथे पुरावा समोर आल्यावर ते पुराव्याशीच भांडत बसले. तेव्हा कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे, हा हिशेबच कामाचा नाही. दोघांचेही घोटाळे तिथे झाले, जिथे चूक सापडायची वाट त्यांनी बंद केली.

एक खुलासा करतो, नाहीतर याचं 'नम्र व्हा' असं प्रवचन होईल. कोसंबी नम्र बिलकूल नव्हते. त्यांची ग्रंथपरीक्षणं वाचताना आजही लेखकाची कीव येते. आपण चुकू शकतो हे मानणं ही बोलण्याची गोडी नव्हे, ती कामाची रीत आहे. 'मी अल्पमती, चूकभूल द्यावी घ्यावी' असं प्रस्तावनेत लिहून पुढे चारशे पानं एकही पडताळता येईल असं विधान न करणारे नम्र लेखक आपल्याकडे पैशाला पासरी आहेत.

आता सगळ्यांत जड आक्षेप. ज्ञान एवढं वाढलंय की असा सर्वसंचारी माणूस आता शक्य नाही. एका शाखेची एक फांदी नीट कळायला उभा जन्म पुरत नाही. यात तथ्य आहे. बारीक कामाची टिंगल मला करायची नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं एकेका गावचं दप्तर चाळतं म्हणून तर मोठं बोलणाऱ्याला काही बोलता येतं. पण प्रश्न काही विद्यापीठाचा प्रॉस्पेक्टस वाचून जन्माला येत नाहीत. जुन्नरच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, तेव्हा तो विषय वनखात्याचा, पाटबंधाऱ्याचा, साखर कारखान्याचा की रात्रीच्या वीजपुरवठ्याचा?

किल्लारीचं बघा. मी आजही ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख विसरू शकत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला गावंच्या गावं खाली आली. हजारो माणसं गेली. देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारी तेव्हा पहिल्या विभागात होती. पहिला म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. दख्खनचं पठार म्हणजे जुना, पक्का, निवांत खडक, ही तज्ज्ञांची समजूत. तिला ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने पहिला मोठा तडा दिला होता. पण कोयनेचा धक्का शिवाजीसागराच्या पाण्याशी जोडला गेला, ती एक खास बाब ठरली, नकाशात कोयनेभोवती वेगळा रंग भरला गेला आणि बाकीचं पठार निवांत ते निवांतच राहिलं. कोयनेबद्दलचा निष्कर्ष चुकीचा नव्हता, धरणातल्या पाण्याचा आणि तिथल्या भूकंपांचा संबंध आजही मानला जातो. चुकलं ते हे, की अपवादाची खोली बांधून धडा तिच्यात बंद केला.

दुसऱ्या बाजूला होतं मराठवाड्यातलं घर. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फूट-दीड फूट मातीचं माळवद. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती. एप्रिल-मेच्या उन्हाला याच्यासारखं घर नाही. हादऱ्याला याच्यासारखं वाईटही नाही. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्या भागाला लहान लहान धक्के बसले होते, लोक घाबरले होते. खडकाचा जाणकार खडक जाणत होता, गवंडी भिंत जाणत होता, माळवदाचं ओझं दर वर्षी वाढतं हे घरातल्या बाईला ठाऊक होतं. या तिघांची गाठ पडेल अशी जागा कुठे होती? भूकंपाचं भाकीत कुणालाच करता आलं नसतं, आजही येत नाही, आणि घडून गेल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं हेही मला कळतं. पण 'ही भिंत हलली तर आतल्या माणसाचं काय?' हे विचारायला भाकीत लागत नव्हतं. लागत होता तो आपल्या खात्याबाहेरचा प्रश्न विचारणारा कुणीतरी आगाऊ माणूस. आणि त्याने विचारलं असतं, तर त्याला पहिल्यांदा काय ऐकावं लागलं असतं, हे सांगायला नको.

निर्णय कुणी घ्यायचा आणि प्रश्न कुणी विचारायचा, या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. सुरी सर्जनच्याच हातात हवी. पण ऑपरेशन लागणारच आहे का, दुसरा इलाज आहे का, तुमच्याकडे अशा किती केसेस बिघडल्या, हे विचारणाऱ्या बाईला 'तुम्ही डॉक्टर आहात का?' म्हणणं हे उत्तर नव्हे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, मातीतल्या माणसांच्या कैवाऱ्यांकडे. त्यांचा आवडता दाखला असतो महात्मा फुल्यांचा. 'गुलामगिरी'त (१८७३) जोतीरावांनी दशावतारांचा अर्थ लावला तो आर्यांच्या स्वाऱ्यांची हकिगत म्हणून: मत्स्य म्हणजे समुद्रावरून आलेली टोळी, वामन म्हणजे बळीराजाला गाडणारा. त्यांच्या शब्दव्युत्पत्ती आज कुठलाही भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाही. पण हरलेल्यांनी हा इतिहास कसा सांगितला असता, हा सवाल त्यांच्याआधी इतका थेट कुणी टाकला होता? 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' हे वाक्य घरोघर दिवाळीत म्हटलं जात होतं. तो पुरावा असू शकतो हे विद्वानांना सुचलं नव्हतं. टिळकांचंही तसंच. पेशाने ते ना संस्कृतचे प्राध्यापक, ना भूगर्भशास्त्रज्ञ. १९०३ मध्ये त्यांनी आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवलं. आज ते कुणी मानत नाही. मात्र टिळकांनी कोणत्या ऋचेवरून कोणता अर्थ काढला हे एकेक करून लिहिलं. लांबलेल्या उषेच्या त्या ऋचा काढायच्या, दुसरा अर्थ बसतो का पाहायचं आणि टिळकांना खोडायचं. खोडता येतात, हाच त्यांचा मोठेपणा.

याउलट प्राचीन विमानांचा दावा. तो करणारा बाहेरचा आहे ही अडचण कधीच नव्हती. अडचण ही, की त्याची चूक कुठे सापडेल ते कुणी सांगेना. यंत्र नाही, अवशेष नाहीत, शंका काढली तर तुम्ही देशद्रोही. गंमत अशी, की याचं चोख उत्तर मुंबईतल्या त्या गदारोळाच्या चाळीस वर्षं आधीच देऊन झालं होतं. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी हा दावा ज्यावर उभा आहे तो विमानांचा संस्कृत ग्रंथ हातात घेतला, भाषा तपासली, आकृत्या तपासल्या आणि हिशेब करून दाखवला: ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्यातलं एकही विमान उडणार नाही. तुम्ही इंजिनियर आहात का, असं त्यांनी कुणाला विचारलं नाही. २०१५ मध्ये मात्र एका बाजूला 'हा निबंध रद्द करा' आणि दुसऱ्या बाजूला 'आमच्या पूर्वजांचा अपमान', एवढंच ऐकू आलं. ग्रुपवरच्या शंभर निरोपांसारखंच.

धाडसाची आपल्याकडे वानवा आहे असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. युट्यूबवर हवं तेवढं आहे. वानवा आहे ती ज्यांच्यापाशी पडताळ्याची हत्यारं आहेत त्यांच्या धाडसाची. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटापुढे उभं राहून पाहा: 'अमुक तालुक्यातील तमुक : एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ १९९० ते २०००'. तालुका बदला, दशक बदला, नवा प्रबंध तयार. मार्गदर्शकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "विषय फार मोठा होतोय, मर्यादित करा." सल्ला वाईट नाही. पण तो कधी कधी कामाच्या सोयीसाठी नसतो, चूकच होऊ नये या भीतीपोटी असतो. मुलगा पदवी घेतो, नोकरीला लागतो आणि मर्यादा तशीच राहते. हत्यारवाल्यांनी मोकळी सोडलेली मोठी जागा मग विमानवाले व्यापतात. 'तुमचा विषय कोणता?' विचारणाऱ्या वक्त्यांचा मला राग आला नाही तो यामुळेच. त्यांना तीस वर्षं हेच शिकवलं गेलंय.

त्या मोजणीदारांना मी नंतर गाठलं. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा झाला. पिशवीतून त्यांनी रेघांची एक लांब वही काढली. सतरा वीरगळ, प्रत्येकापुढे गाव, गट नंबर, शिवेपासूनचं अंतर मीटरमध्ये आणि मूळ जागा कुणी सांगितली त्या माणसाचं वय. बारा शिवेवर किंवा शंभर मीटरच्या आत. पाच आत गावठाणात, शिवेपासून लांब. त्या पाचांभोवती लाल शाईने चौकटी केल्या होत्या.

"हे पाच का बसत नाहीत तेच कळेना," ते म्हणाले. "सरांना तेच विचारायचं होतं, पण माईक गेला."